नकार वेळेवर मिळावा : संगणकाच्या गाभ्यातील स्मृतिटंचाई

(खोडद, तालुका जुन्नर, येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



खोडद हे गाव आज जगाच्या वैज्ञानिक नकाशावर आहे, ते येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीमुळे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेली ही दुर्बीण २००१ साली जगातील वैज्ञानिकांना समर्पित करण्यात आली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांपैकी १४ येथील मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ तीन लांब भुजांवर, ही माहिती आपल्या शाळांतील मुलांनाही पाठ असते. अँटेना सर्वांना दिसतात. त्यांनी टिपलेले संकेत प्रकाशतंतूंवाटे ज्या संगणकांकडे जातात, ते मात्र फारसे कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. आज मला बोलावयाचे आहे ते अशा संगणकांच्याही पोटातील एका प्रश्नाविषयी. संगणकाच्या गाभ्याकडे स्मृतीची मागणी झाली आणि देण्यास स्मृतीच शिल्लक नसली, तर काय व्हावे ?

प्रश्न तांत्रिक आहे; परंतु त्याचा आशय आपणांस अपरिचित नाही. साठा मर्यादित, मागणीदार अनेक आणि वाटप करणारा एकच, ही परिस्थिती येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या धरणांच्या कुकडी प्रकल्पाखाली शेती करणाऱ्यांना निराळी समजावून सांगावी लागत नाही.

गाभ्याचे काम

संगणकावर एकाच वेळी अनेक आज्ञावली चालत असतात. त्या सर्वांना यंत्राचा वेळ, डिस्क, तारांवरून येणारी माहिती आणि स्मृती वाटून देणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला संचालन-प्रणालीचा गाभा किंवा 'कर्नल' म्हणतात. स्मृतीचे वाटप हा गाभा पानांच्या हिशोबाने करतो. बहुतेक प्रचलित संगणकांत एक पान ४,०९६ बाइटांचे असते. कोणते पान कोणाकडे आहे, कोणते मोकळे आहे, याची वही गाभ्याजवळ असते.

येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. सामान्य आज्ञावलीला स्मृती मिळाली नाही, तर फार तर ती एक आज्ञावली बंद पडते आणि तिच्यामागची आवराआवर गाभा करतो. पण गाभ्याला स्वतःलाही स्मृती लागते. नवी फाइल उघडली, तारेवरून माहितीचा नवा तुकडा आला, नवे यंत्र जोडले, तर प्रत्येक वेळी नोंद ठेवण्यासाठी त्याला जागा हवी असते. ती मिळाली नाही तर त्याच्यामागे आवरणारा दुसरा कोणी नाही. म्हणून गाभ्यातील नकाराची व्यवस्था गाभा लिहिणाऱ्यानेच, आधी विचार करून, लावून ठेवावी लागते.

टंचाई कशी उत्पन्न होते

टंचाईची कारणे तीन आहेत. पहिले कारण उघड आहे : साठा खरोखरच संपतो.

दुसरे कारण तुकड्यांचे आहे. एखाद्याजवळ एकूण वीस गुंठे जमीन असावी, पण ती दहा ठिकाणी विखुरलेली असल्यामुळे तीवर शाळेची एक इमारत बांधता येऊ नये, तसेच स्मृतीचे होते. मोकळी पाने हजारो असतात. पण सलग सोळा किंवा बत्तीस पाने हवी असली तर मिळत नाहीत. यासाठी लिनक्ससारख्या प्रणालींत पानांचे गट एक, दोन, चार, आठ अशा दुपटीने ठेवतात आणि शेजारशेजारचे दोन मोकळे गट पुन्हा जोडून मोठा गट करतात. तरीही यंत्र दीर्घकाळ चालल्यावर विखुरलेपणा वाढतोच.

तिसरे कारण आश्वासनांचे आहे. आज्ञावली मागते तितकी जागा ती प्रत्यक्षात क्वचितच वापरते. म्हणून लिनक्स सामान्यतः मागणी लगेच मंजूर करतो, परंतु प्रत्यक्ष पान मात्र वापर सुरू होईल तेव्हाच देतो. त्यामुळे साठ्यापेक्षा मंजुरी अधिक होऊ शकते. नमुना नंबर ७ वर आलेले सर्व पाणीअर्ज मंजूर करावेत आणि सर्वांनी एकाच आवर्तनात पाणी घेणार नाहीत असे गृहीत धरावे, त्यातलाच हा प्रकार होय. बहुतेक दिवस हे गृहीत खरे ठरते आणि यंत्राचा उपयोग चांगला होतो. ज्या दिवशी खरे ठरत नाही, त्या दिवशी अडचण अशी, की मंजुरी आधीच दिलेली असल्यामुळे नकार देण्याची वेळ टळून गेलेली असते. हिशोबाबाहेर मंजुरी देऊच नये अशी कडक व्यवस्थाही लिनक्समध्ये निवडता येते. कोणती घ्यावी हे यंत्र चालविणाऱ्याने ठरवावयाचे असते.

खोडदचा हिशोब

आता हा प्रश्न दुर्बिणीच्या संदर्भात पाहू. २०१० च्या सुमारास येथे ४८ लिनक्स संगणकांच्या समूहावर आधारलेली संकेत-प्रक्रिया यंत्रणा प्रत्यक्ष वेळेत काम करू लागली होती. तिचा पट्टा ३३ मेगाहर्ट्झचा होता. कोणताही पट्टा पूर्णपणे टिपावयाचा तर त्याच्या दुप्पट वेगाने नमुने घ्यावे लागतात; म्हणजे एका प्रवाहाचे सेकंदाला सुमारे ६ कोटी ६० लाख नमुने झाले. प्रत्येक अँटेनाचे दोन प्रवाह धरले तर ३० अँटेनांचे मिळून सेकंदाला सुमारे ४०० कोटी नमुने होतात. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण होऊन पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. हाच गुणाकार आता सेकंदाला ४,८०० कोटी नमुन्यांवर जातो.

समजा, एका संगणकाच्या वाट्याला यांपैकी केवळ दोन अँटेनांचे चार प्रवाह आले आणि प्रत्येक नमुना एक बाइटाचा आहे. मग त्याच्याकडे सेकंदाला ३२० कोटी बाइट येतील आणि ३,२०० कोटी बाइटांची मोकळी स्मृती दहा सेकंदांत भरून जाईल. याचा अर्थ असा, की पुढची प्रक्रिया दहा सेकंद अडली तर स्मृती संपलीच. आणि आकाश कोणासाठी थांबत नाही.

याचे एक ठळक उदाहरण येथेच घडले आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे 'स्कियापारेली' हे यान मंगळावर उतरत होते. त्याचा अत्यंत क्षीण संकेत खोडदच्या दुर्बिणीने प्रत्यक्ष वेळेत टिपला. उतरण्याचा सारा प्रवास सुमारे सहा मिनिटांचा होता. जमिनीला टेकण्याच्या अपेक्षित वेळेपूर्वीच संकेत थांबला आणि यान कोसळले, हे नंतर स्पष्ट झाले. यान गमावले गेले असता त्याच्या शेवटच्या मिनिटांच्या नोंदीचे मोल किती असते, हे सांगावयास नको. त्या मिनिटांत एखादा संगणक 'स्मृती उपलब्ध नाही, पुन्हा प्रयत्न करा' असे म्हणता, तर पुन्हा प्रयत्न कशाचा करणार ? अशा कामाचा पहिला नियम म्हणूनच असा, की लागणारी सर्व स्मृती काम सुरू होण्यापूर्वी मागून घ्यावी, ती आपल्याकडे पक्की करून ठेवावी आणि त्याच जागेत आळीपाळीने नवी माहिती भरीत राहावे. नकार मिळावयाचाच असेल तर तो निरीक्षण सुरू होण्यापूर्वी मिळावा. तेव्हा काही करता येते. मध्यावर करता येत नाही.

गाभा काय करतो

सर्वच कामे अशी आधी मोजता येत नाहीत. मागणी आयत्या वेळी आली आणि साठा कमी असला, तर गाभा क्रमाने काही उपाय करतो. मोकळ्या पानांची संख्या ठरावीक खुणेखाली गेली की पाने परत मिळविणारे एक काम जागे होते. डिस्कवरील फाइलींच्या ज्या प्रती सोयीसाठी स्मृतीत ठेवलेल्या असतात त्या ते सोडून देते. फार दिवस न वापरलेली पाने डिस्कवर हलविते. त्याहीखाली आणखी एक खूण असते. तिच्याखालचा साठा राखीव होय. तो सर्वांना खुला नसतो.

हा राखीव साठा कोणासाठी ? मागणीदार दोन प्रकारचे असतात. काहींना थांबता येते. काहींना क्षणभरही थांबता येत नाही. उदाहरणार्थ, तारेवरून माहिती आल्याचा व्यत्यय-संकेत हाताळणारा गाभ्याचा भाग. न थांबणाऱ्याला राखीव साठ्यातून काही अंशी घेण्याची मुभा असते. तेथेही नसेल तर त्याला तत्काळ नकार मिळतो. याखेरीज एक सूक्ष्म गरज आहे. पाने डिस्कवर हलवून जागा मोकळी करावयाची, तर त्या हलविण्याच्या कामालाच थोडी स्मृती लागते. आड उपसण्याच्या पंपाला सुरू होण्यासाठी आधी पाणी ओतावे लागते, तसे हे आहे. तेवढे पाणी बाजूला काढून ठेवले नाही, तर आडात पाणी असूनही पंप चालत नाही. म्हणून डिस्कवर लिहिणाऱ्या भागासाठी गाभ्यात स्वतंत्र, आधीच वाटून ठेवलेले साठे असतात.

मागणाऱ्याचे कर्तव्य

वाटप करणाऱ्याइतकीच जबाबदारी मागणाऱ्यावर आहे. स्मृती नसेल तर लिनक्सचा गाभा जागेच्या पत्त्याऐवजी शून्य परत देतो. मागणाऱ्याने ते उत्तर तपासलेच पाहिजे. उत्तर न वाचता शून्य या पत्त्यावर लिहावयास गेले, तर ते काम तेथेच कोसळते आणि कित्येकदा सारे यंत्र थांबते.

तपासल्यानंतरचे काम अधिक कठीण आहे. समजा, नवे यंत्र जोडताना चार जागा हव्यात. तीन मिळाल्या, चौथी नाकारली गेली. आता मिळालेल्या तीन उलट क्रमाने परत केल्या पाहिजेत : शेवटी घेतलेली आधी, पहिली शेवटी, घेतलेली कुलपेही त्याच रीतीने उघडली पाहिजेत. मग वरच्या पातळीला 'स्मृती नाही' या अर्थाचा संकेत कळवावयाचा. लिनक्समध्ये त्याचा क्रमांक १२ आहे. यांतील एक जागा परत करावयाची राहिली तर ती कायमची अडकते. एक कुलूप राहिले तर पुढे येणारा प्रत्येकजण दारात ताटकळत राहतो. टंचाईमुळे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान टंचाई नीट न आवरल्यामुळे होते, असे जे म्हणतात ते यामुळेच.

नकार, की न संपणारी प्रतीक्षा ?

आता मी माझ्या विषयाच्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. लिनक्सच्या गाभ्यात अनेक वर्षे एक अलिखित रीत होती. ज्याला थांबता येते अशा मागणीदाराने लहान मागणी केली, म्हणजे आठ पानांपर्यंतची, तर तिला व्यवहारतः नकार दिला जात नसे. गाभा पुनःपुन्हा प्रयत्न करी आणि मागणीदार थांबून राही. हेतू चांगला होता. नकार मिळाल्यावरच्या हजारो वाटा फारशा कधी तपासल्या गेलेल्या नसतात; त्या वाटांवर कोणाला पाठविण्यापेक्षा थोडे थांबविलेले बरे, असा तो विचार.

परंतु २०१४ च्या अखेरीस या रीतीचा धोका गाभ्याच्या रचनाकारांच्या चर्चेत ठळकपणे पुढे आला. फाइल-व्यवस्थेतील एक काम हाती कुलूप धरून स्मृती मागते. स्मृती नाही, म्हणून गाभा एखादी मोठी आज्ञावली बंद करून तिची जागा मोकळी करावयाचे ठरवितो. ती आज्ञावली बंद होण्यापूर्वी तेच कुलूप मागते. कुलूपवाला स्मृतीसाठी थांबलेला, स्मृतीवाला कुलुपासाठी थांबलेला. आणि गाभा दोघांनाही 'थोडे थांबा' म्हणत राहतो. यंत्र बिघडलेले नाही, कोणी नकार दिलेला नाही, आणि तरीही काहीच होत नाही.

कचेरीत काम करणाऱ्या मंडळींना ही स्थिती ओळखीची वाटावी. अर्ज फेटाळला तर अर्जदार दुसरा मार्ग शोधतो, अपील करतो. अर्ज नुसता पडून राहिला तर त्याला काहीच करता येत नाही, आणि त्याच्या अर्जावर अवलंबून असलेले इतरही अडकतात. स्पष्ट आणि वेळेवर दिलेला नकार हीदेखील एक सेवा आहे, हे तत्त्व येथे यंत्राच्या भाषेत सिद्ध होते.

यावर दोन उपाय झाले. २०१६ मध्ये अशी व्यवस्था आली, की बंद करावयाचे ठरलेल्या आज्ञावलीच्या संपण्याची वाट न पाहता तिची बरीचशी स्मृती गाभाच काढून घेऊ लागला. पुढे, 'मनापासून प्रयत्न करा, पण न जमल्यास स्पष्ट नाही म्हणा' असे मागणीदाराला सांगता येईल, अशी निराळी खूणही देण्यात आली. ज्याला नकार मुळीच चालणार नाही त्याने तसे उघड लिहावे, असा संकेत रूढ होत गेला.

कोणाला बंद करावयाचे, याचाही नियम आहे. जी आज्ञावली सर्वांत अधिक स्मृती व्यापते तिला सामान्यतः प्रथम निवडतात. तथापि यंत्र चालविणाऱ्याला प्रत्येक आज्ञावलीस उणे १,००० ते अधिक १,००० यांमधील अंक देऊन हा क्रम बदलता येतो. उणे १,००० म्हणजे हिला हात लावू नये. सर्वांत मोठी म्हणून निवडलेली आज्ञावली कित्येकदा सर्वांत महत्त्वाचीच असते. म्हणून हे अंक संकट येण्यापूर्वी ठरविणे हे माणसाचे काम आहे.

दोन याने, दोन धडे

अंतराळ-प्रवासाच्या इतिहासात या विषयाची दोन बोलकी उदाहरणे आहेत. २० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे चांद्रयान उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि १२०१ हे धोक्याचे इशारे दिले. त्या संगणकाची बदलती स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. प्रत्येक कामाला बारा शब्दांचा एक कप्पा मिळे. एका रडारच्या जोडणीमुळे संगणकाचा वेळ वाया जात होता. जुनी कामे संपण्यापूर्वी नवी येत होती आणि कप्पे संपले. १२०२ चा अर्थच 'द्यावयास कप्पा नाही' असा होता. तेथील प्रणालीने स्वतःला तत्क्षणी पुन्हा सुरू केले, कमी महत्त्वाची कामे टाकून दिली आणि यान उतरविण्याची कामे शेवटच्या सुरक्षित टप्प्यापासून पुढे चालविली. यान उतरले.

दुसरे उदाहरण मंगळावरील 'स्पिरिट' या गाडीचे. जानेवारी २००४ मध्ये उतरल्यावर काही दिवसांतच ती एकसारखी बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागली. तिच्या कायम साठ्यात फाइलींची संख्या फार वाढली होती आणि त्यांची यादी ठेवण्यासाठी लागणारी स्मृती शिल्लक राहिली नव्हती. यंत्र पुन्हा सुरू होई, सुरू होताच तीच यादी वाचावयास जाई, पुन्हा स्मृती अपुरी पडे. शेवटी पृथ्वीवरून 'तो साठा न जोडता सुरू हो' अशी आज्ञा देण्यात आली, फाइली काढल्या आणि गाडी पुढे कित्येक वर्षे चालली. पुन्हा सुरू होणे हा उपाय दोन्हीकडे होता. एकीकडे काय टाकावयाचे ते आधी ठरले होते. दुसरीकडे ज्यामुळे टंचाई झाली तेच काम प्रथम हाती घेतले जात होते.

सराव

उरतो प्रश्न सरावाचा. स्मृती खरोखर संपण्याची वाट पाहत बसलो तर नकाराच्या वाटा कधीच तपासल्या जाणार नाहीत. म्हणून २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात एक सोय करण्यात आली : स्मृती भरपूर असतानाही काही मागण्यांना मुद्दाम नकार द्यावयाचा आणि पुढे काय होते ते पाहावयाचे. शाळेत आग लागलेली नसताना मुलांना रांगेने बाहेर काढण्याचा सराव आपण करून घेतो, त्याच जातीची ही गोष्ट आहे. जी वाट कधी चालून पाहिली नाही ती आहे असे समजू नये.

आज ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत दाखले, नोंदी आणि देयके संगणकांवर आहेत. आपणांपैकी कोणाला गाभा लिहावयाचा नाही. पण यंत्रणा घेताना पुरवठादाराला चार प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणां सर्वांना आहे. जागा संपली तर ती मागणाऱ्याला स्पष्टपणे कळते काय ? अर्धवट राहिलेली नोंद मागे फिरते, की तशीच लटकून राहते ? कोणते काम शेवटपर्यंत चालू राहावे, हे कोणी व केव्हा ठरविले ? आणि हे सर्व मुद्दाम टंचाई उत्पन्न करून कधी पाहिले आहे काय ? शिक्षकांनी हे प्रश्न वरच्या वर्गांतील मुलांपुढेही ठेवावेत. ज्यांच्या घरी पाटाच्या पाण्याची पाळी असते, त्या मुलांना त्यांचा अर्थ लवकर उमजेल आणि त्यांतलाच एखादा पुढे येथील संगणक-कक्षात बसलेला दिसेल, अशी आशा बाळगून मी आपली रजा घेतो.